ऑटोमॅटिक मस्टँगला क्लच बसवताना

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग शोधायला निघालं की बऱ्याचदा समोर येते ती ऑटोमॅटिक. पुढे २८९ घन इंचांचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याच्यामागे फोर्डचा सी-४ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक आणि पायाशी दोनच पॅडल. सी-४ हा वाईट गिअरबॉक्स मुळीच नाही. हलका आहे, टिकाऊ आहे. पण गिअर केव्हा बदलायचा यावर चालकाचा ताबा फार थोडा. १९६६ पर्यंतच्या सी-४ च्या दांड्यापाशी ठिपके असत. हिरव्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरपासून उठे, दुसऱ्या ठिपक्यावर थेट दुसऱ्यापासून, आणि पुढचं गाडीच ठरवी. घाटात वळणाआधी दुसरा टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे खटकतं. अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या मंडळींना तर हा प्रश्न पडतोच: हिला मॅन्युअल करता येईल का?

येईल, आणि उत्तम करता येईल. फक्त काम नेमकं कुठे आहे ते आधी समजून घेतलेलं बरं. ऐकताना वाटतं, एक गिअरबॉक्स काढायचा आणि दुसरा लावायचा. खरं तर गिअरबॉक्स हा यातला सगळ्यात सरळ भाग. चालकाच्या पायाने चालणारा क्लच या गाडीत कधी नव्हताच. तो उभा करणं हे या कामाचं मर्म आहे, आणि वेळ, पैसा, चिडचिड हे सगळं तिथेच खर्ची पडतं.

आधी दारावरची पट्टी वाचा

चालकाच्या दारावर धातूची छोटी पट्टी असते. बॉडी, रंग, ॲक्सल, गिअरबॉक्स यांचे संकेत तिच्यावर ठोकलेले असतात. गिअरबॉक्सच्या रकान्यात ६ असेल तर गाडी कारखान्यातून सी-४ घेऊन निघाली. ५ म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल, १ म्हणजे तीन गिअरचा. इंजिनाची ओळख गाडीच्या क्रमांकातल्या पाचव्या जागेवरच्या अक्षरात असते. ‘सी’ म्हणजे २०० अश्वशक्तीचं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं २८९, ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन. ‘टी’ असेल तर ते सहा सिलिंडरचं. त्याचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण, वेगळं, त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं त्याला जसंच्या तसं लागू होणार नाही.

ही पट्टी पाहायचं कारण असं. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आली आणि मार्च १९६६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. ‘सी’ इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाड्या त्यात भरपूर. अशी गाडी मॅन्युअल केल्याने कोणताही ठेवा नष्ट होत नाही. ‘के’ इंजिनासोबत ऑटोमॅटिक मात्र १९६६ सालीच मिळू लागला. तशी गाडी तुमच्याकडे असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिला हात लावू नका. तिच्याऐवजी दुसरी एखादी ‘सी’ गाडी घ्या.

आणि कोणतीही गाडी असो, काढलेला सी-४, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक यांच्यामधला तेलावर चालणारा जोड), फ्लेक्सप्लेट (तो जोड क्रँकला धरणारी पातळ तबकडी), किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकायला लावणारी) सळई, रुंद ब्रेक पॅडल हे सगळं चिठ्ठ्या लावून जपून ठेवावं. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर त्याला ती वाट मोकळी राहिली पाहिजे.

भारतात गाडी असेल तर आणखी एक पायरी आधी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. पाना हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी.

कोणता गिअरबॉक्स?

व्ही-८ मस्टँगसाठी व्यवहारात दोन नावं पुढे येतात. एक टॉपलोडर, फोर्डचा स्वतःचा चार गिअरचा मॅन्युअल, त्याच काळातला. बिडाचं आवरण, वजन पन्नास किलोच्या आसपास, आणि ताकद इतकी की २८९ त्याचं काही बिघडवू शकत नाही. दुसरा बोर्ग-वॉर्नरचा टी-५, पाच गिअरचा. हा १९८३ पासून नव्या मस्टँगमध्ये येऊ लागला आणि १९८५ पासून व्ही-८ ला त्याची सुधारलेली ‘वर्ल्ड क्लास’ आवृत्ती मिळाली. ॲल्युमिनियमचं आवरण, वजन सुमारे ३४ किलो, आणि पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्यात प्रोपेलर शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो.

टी-५ घेताना साल बघावं. १९८५ ते ८९ च्या बॉक्सची टॉर्क पेलण्याची मर्यादा २६५ पाउंड-फूट सांगितलेली आहे, १९९० ते ९३ च्या बॉक्सची ३००. ‘सी’ इंजिनाचा माहितीपत्रकातला टॉर्क २८२. तो आकडा त्या काळच्या पद्धतीप्रमाणे इंजिन एकटं, अल्टरनेटर-पंखा वगैरे भार न लावता मोजलेला. चाकांपर्यंत त्याहून बराच कमी पोचतो. तरीही निवड हातात असेल तर १९९० नंतरचाच घ्यावा. रुंद चिकट टायर लावून ड्रॅग शर्यतीत उतरायचं असेल तर टी-५ चा विचार सोडून टॉपलोडर लावावा. बाकी ज्यांना गाडी चालवायचीच आहे, शेदोनशे किलोमीटरचा रविवार काढायचा आहे, त्यांच्यासाठी माझा कौल टी-५ ला.

पण बॉक्स ठरवण्याआधी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन डिफरन्शियलकडे बघायला हवं. बहुतेक जण इथे चुकतात, आणि मग सगळा खर्च करूनही गाडी चालवायला मजा येत नाही.

ऑटोमॅटिक २८९ मध्ये सहसा २.८० किंवा ३.०० चं क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मुख्य दातेरी जोडी, असतं. २.८० म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे २.८ फेरे झाले की चाकाचा एक. आता गिअरचं गुणोत्तर आणि हा आकडा गुणला की इंजिनाचे किती फेरे चाकाच्या एका फेऱ्याला लागतात ते कळतं. सी-४ चा पहिला गिअर २.४६. त्याला २.८० ने गुणलं की ६.८९. हा आकडा तसा लहान, म्हणजे गाडी उठायला जड जायला हवी. तरी ती सहज उठते, कारण थांबलेल्या अवस्थेत टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. क्लच असं काही करत नाही. जितका टॉर्क येईल तितकाच तो पुढे देतो.

म्हणून त्याच २.८० वर जवळजवळच्या गुणोत्तरांचा टॉपलोडर लावला, तर त्याचा पहिला गिअर २.३२, गुणाकार ६.५०. कन्व्हर्टरची मदत गेली आणि आकडाही आणखी घटला. अशी गाडी प्रत्येक सिग्नलला हाफ क्लचवर रडत उठते आणि क्लच प्लेट लवकर जळते. एकमेकांपासून लांब गुणोत्तरांच्या टॉपलोडरचा पहिला २.७८; गुणाकार ७.७८. चालून जाईल. टी-५ चा पहिला ३.३५, गुणाकार ९.३८. ही गाडी छान उचल घेईल.

मग टी-५ वर प्रश्न मिटला का? नाही, आता दुसऱ्या टोकाकडे बघा. टी-५ चा पाचवा ०.६८. तो २.८० ने गुणला की १.९०. टायरचा व्यास ६५ सेंटिमीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे १,५५० फेऱ्यांवर येतं. इतक्या खाली कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन कण्हतं, जराशा चढाला चौथा टाकावा लागतो, आणि ज्या पाचव्यासाठी एवढा खटाटोप केला तो नुसता शोभेचा उरतो. मागे ३.५५ चं क्राउन-पिनियन बसवलं तर तोच वेग सुमारे १,९७० फेऱ्यांवर येतो आणि पहिल्या गिअरचा गुणाकार ११.८९ होतो. ३.२५ हाही चांगला मधला मार्ग. सुदैवाने या गाडीच्या ८ इंची ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा सगळा गोळा पुढच्या बाजूने अखंड बाहेर निघतो. शाफ्ट थोडे बाहेर ओढायचे, प्रोपेलर सोडायचा, नट काढायचे आणि तयार जुळवलेला दुसरा गोळा बसवायचा. हा खर्च हिशोबात धरूनच गिअरबॉक्स विकत घ्यावा.

क्लच उभा करणं

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोराने समोरचं, गिअरबॉक्सला जोडलेलं चाक फिरतं. मध्ये धातूला धातू धरलेला नसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअलमध्ये हा जोड घट्ट असतो आणि तो पायाने सोडवावा लागतो. इंजिनावर जड फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, ती सैल करणारं रिलीज बेअरिंग, बेअरिंग ढकलणारा फोर्क, आणि फोर्कपासून तुमच्या पायापर्यंतची सगळी जुळणी. यातलं काहीच गाडीत नाही.

सुरुवात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकापासून. सी-४ च्या वेळी तिथे पातळ फ्लेक्सप्लेट होती, आता फ्लायव्हील येणार. २८९ चं इंजिन बाहेरून संतुलित केलेलं आहे, म्हणजे संतुलनाचा काही भाग पुढच्या पुलीवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या वजनात असतो. २८९ साठी तो २८ औंस-इंच. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनासाठी तोच आकडा ५०. भंगारातल्या मस्टँगमधून टी-५ उचलताना फ्लायव्हीलही सोबत स्वस्तात मिळतं, बोल्टही बरोबर बसतात, आणि मग इंजिन थरथरायला लागतं. ती थरथर नुसती त्रासदायक नाही, तिने मेन बेअरिंगं जातात. फ्लायव्हील २८ औंसचंच हवं, याला पर्याय नाही.

त्यानंतर पायलट बुश. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात एका छोट्या ब्राँझच्या बुशात टेकतं. ऑटोमॅटिक गाडीत या बुशाची गरज नसते म्हणून तो नसतो. किंमत किरकोळ, पण तो विसरला तर सगळं पुन्हा खाली उतरवावं लागेल. इथे इतर गाड्यांच्या मालकांना इशारा: क्रायस्लरच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत क्रँकचं हे भोक पूर्ण मापाचं कापलेलंच नसतं. बुश घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बेल हाउसिंगच्या बाबतीत ऑगस्ट १९६४ च्या आधीची इंजिनं पाच बोल्टांची, नंतरची सहा बोल्टांची. टी-५ साठी दोन वाटा आहेत. जुनं चार गिअरचं बेल हाउसिंग ठेवून मध्ये ॲडॉप्टर प्लेट घालायची, म्हणजे मूळ पद्धतीची क्लचची सळ्यांची जुळणी वापरता येते. किंवा टी-५ चं स्वतःचं बेल हाउसिंग घ्यायचं, ज्यात फोर्क केबलने ओढला जातो. स्टार्टर कोणता लागेल हेही इथेच ठरतं. जुन्या चार गिअरच्या जुळणीचा स्टार्टर वेगळा आणि ऑटोमॅटिकचा वेगळा. दात किती पुढे येतात यात फरक आहे. टी-५ च्या बेल हाउसिंगला ऑटोमॅटिकचाच स्टार्टर चालतो.

आता जे काम घाईत गाळलं जातं ते. बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या अक्षाशी नेमकं जुळलं पाहिजे. फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, सुई भोकाच्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. अक्षातली चूक ०.००५ इंचाच्या, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी. गेजवर दिसणारा एकूण फरक हा या चुकीच्या दुप्पट असतो, हे वाचताना लक्षात ठेवावं. जास्त निघाली तर इंजिनाच्या मागच्या दोन डॉवेल पिना बदलून विकेंद्री पिना लावायच्या आणि फिरवून जुळवायचं. हे केलं नाही तर गिअर अडकतात, पायलट बुश झिजतो, इनपुट बेअरिंग आवाज करतं, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. ज्या मेकॅनिककडे डायल गेज नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

पॅडलपासून फोर्कपर्यंत

कारखान्याच्या पद्धतीत पॅडलची सळई फायरवॉलमधून बाहेर येऊन एका आडव्या दांडीला ढकलते. तिला झेड-बार म्हणतात. तिचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं चॅसिसच्या बाजूला टेकलेलं. दांडी फिरली की दुसरी सळई फोर्क ढकलते. ही रचना साधी आहे, रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त करता येते आणि जुन्या गाडीला शोभते. अडचण दोन ठिकाणी. इंजिन माउंटिंग जुनी असली तर जोर लावताना इंजिन हलतं आणि क्लचचा पॉइंट सरकतो. शिवाय मोठे एक्झॉस्ट हेडर बसवले असतील तर झेड-बारला जागा उरत नाही. अशा वेळी केबल किंवा हायड्रॉलिक. केबल एक्झॉस्टपासून लांब नेली नाही तर तिचं आवरण वितळतं. हायड्रॉलिकमध्ये फायरवॉलचा पातळ पत्रा पॅडलच्या जोराने वाकतो, म्हणून मास्टर सिलिंडरखाली जाड पट्टी लावून तो मजबूत करावा लागतो. इंजिन मूळ एक्झॉस्टसह असेल तर मी झेड-बारच निवडेन.

सगळ्यात अवघड जागा डॅशबोर्डखाली आहे. क्लच आणि ब्रेकची पॅडलं एकाच ब्रॅकेटवर लटकतात. ऑटोमॅटिकचं ब्रॅकेट काढायला स्टिअरिंग कॉलम खाली सोडावा लागतो, आणि मग पाठीवर पडून, मान वाकडी करून, न दिसणाऱ्या बोल्टांना पाना लावत बसावं लागतं. एवढं सगळं उघडलंच आहे तर पॅडलचे जुने नायलॉन बुश काढून त्या जागी बेअरिंग बसवून घ्यावेत. नवा क्लच आणि ढिलं पॅडल ही जोडी फार वाईट लागते. जुळणी झाल्यावर पॅडलला सुमारे २५ मिलिमीटर मोकळी चाल ठेवायची. ती नसेल तर रिलीज बेअरिंग सतत घासत राहतं आणि लवकर संपतं.

आपल्याकडच्या फियाट-पद्मिनीसारखा ज्या गाड्यांचा गिअर स्टिअरिंगवर असतो, त्यांत कॉलमही बदलावा लागतो. मस्टँगचा दांडा खालीच असल्याने ते वाचतं. बोगद्याच्या पत्र्यातलं भोक तेवढं मोठं करावं लागतं.

बाकीची जोडणी

सी-४ चे सगळे धागे सोडवायला हवेत. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टर फिरू देणारा स्विच आता राहणार नाही, त्यामुळे वायरिंग तसंच सोडलं तर गाडी सुरूच होणार नाही. पुष्कळ जण दोन वायरी जोडून मोकळे होतात. तसं करू नका. क्लच पॅडलवर स्विच लावून स्टार्टरची वायर त्यातून न्या; गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे झेपावते आणि समोर कोणीही असू शकतं. रिव्हर्स लाइटचा स्विच टी-५ वर असतो, वायर तिथे न्यावी. सी-४ ला जाणारी व्हॅक्युमची नळी मॅनिफोल्डपाशी बंद करावी, नाहीतर इंजिन हवा ओढत राहील आणि आयडलिंग कधीच लागणार नाही. रेडिएटरमधल्या तेल थंड करणाऱ्या नळ्यांनाही बूच मारावं.

टी-५ साठी गिअरबॉक्स खालचा आडवा सपोर्ट बदलावा लागतो. सी-४ आणि टी-५ दोन्हींना २८ स्प्लाइनचा (खाचांचा) योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक, चालतो, म्हणून जुना प्रोपेलर शाफ्ट अनेकदा कामी येतो. तरी गाडी चाकांवर उभी असताना लांबी मोजावी आणि योक आत-बाहेर सरकायला जागा आहे ना हे पाहावं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे उभे कोन एकमेकांना समांतर नसतील तर ठरावीक वेगाला गाडी गुरगुरते. सपोर्टखाली पातळ पट्ट्या घालून ते जुळतं.

टॉपलोडरमध्ये नेहमीचं गिअर ऑइल जातं, पण वर्ल्ड क्लास टी-५ मध्ये ऑटोमॅटिकचंच पातळ तेल, डेक्सरॉन, घालायचं असतं. घट्ट गिअर ऑइल ओतलं तर त्याच्या सिंक्रोनायझरच्या अस्तरी कड्या नीट काम करत नाहीत आणि थंड गाडीत दुसरा गिअर पडता पडत नाही. स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर नव्या क्राउन-पिनियनच्या हिशोबाने बदलावा, नाहीतर काटा खोटा वेग दाखवेल.

कार्ब्युरेटरकडे शेवटी या. ऑटोमॅटिक गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सावकाश बंद करणारा एक डॅशपॉट असतो, पाय एकदम काढला तर इंजिन बंद पडू नये म्हणून. मॅन्युअलमध्ये तो अडचण करतो: गिअर बदलताना पाय काढला तरी इंजिनाचे फेरे वर लटकत राहतात. तो काढावा किंवा पूर्ण मागे घ्यावा आणि आयडलिंग न्यूट्रलमध्ये नव्याने लावावं. मग पहिले ८०० किलोमीटर शहरातच, गिअर वारंवार बदलत, जोर न लावता चालवायचे, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलवर नीट बसते. त्यानंतर गाडी वर घेऊन बेल हाउसिंगचे, सपोर्टचे आणि युनिव्हर्सल जॉइंटचे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि पॅडलची मोकळी चाल परत मोजायची; नवी प्लेट बसताना ती हमखास कमी झालेली असते.